कृपया हात लावू नये

संग्रहालयात पाऊल टाकले की पहिली गाठ पडते ती एका पाटीशी. 'कृपया हात लावू नये.' चित्रांच्या दालनात ही पाटी कुणाला खटकत नाही. चित्र डोळ्यांसाठीच काढलेले असते, त्याला हात लावून मिळायचे काय? पण एखादी वस्तू हातात घ्यावी, हलवावी, तिचा खण ओढून पाहावा, यासाठीच कुणी केली असेल आणि मग तिच्यापुढे ही पाटी लागली, तर? आज मला अशाच काही पेट्यांविषयी बोलायचे आहे. जोसेफ कॉर्नेल नावाच्या अमेरिकन माणसाने त्या केल्या. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत तो शिकला नव्हता. रेखाटन करणे, मूर्ती घडवणे हे त्याचे काम नव्हते. तरीही विसाव्या शतकातल्या कलेचा इतिहास त्याच्या पेट्या वगळून लिहिता येत नाही.

त्यातली एक पेटी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. साल १९४०. नाव 'टाग्लिओनीज ज्वेल कास्केट', म्हणजे टाग्लिओनीची दागिन्यांची पेटी. न्यूयॉर्कला गेलो असताना मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. लांबी शाळेतल्या फूटपट्टीएवढी, सुमारे तीस सेंटिमीटर. लाकडाची, आतून मखमल लावलेली. झाकण उघडे ठेवलेले. आत काचेवर ओळीने बसवलेले काचेचे चौकोनी ठोकळे. पहिल्या नजरेला वाटते, हा तर फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ! झाकणाच्या आतल्या बाजूला चमचमणारा एक हार अडकवलेला आणि तिथेच छापील मजकुराचा एक कागद. आणखी वाकून पाहिले की ठोकळ्यांच्या खालचा थर जाणवू लागतो. तिथे काचेचे बारीक तुकडे आहेत, तुटक्या दागिन्यांचे अवशेष आहेत. ठोकळे जागच्या जागी असताना ते अर्धेमुर्धेच दिसतात. ठोकळा उचलला तर पुरते दिसतील. पण उचलायचा कुणी?

झाकणातल्या कागदावर एक गोष्ट दिली आहे. मारी टाग्लिओनी ही एकोणिसाव्या शतकातली मोठी नर्तिका. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फिद' या नृत्यनाट्यात ती पायाच्या बोटांच्या टोकांवर अशी काही नाचली की बॅलेची चालच बदलून गेली. गोष्ट अशी, की १८३५ च्या हिवाळ्यात, चांदण्या रात्री, एका रशियन दरोडेखोराने तिची गाडी अडवली. त्याने ना पैसे मागितले, ना दागिने. बर्फावर बिबट्याचे कातडे अंथरले आणि आपल्या एकट्यासाठी तिला नाचायला लावले. त्या रात्रीची आठवण म्हणून टाग्लिओनी पुढे आपल्या दागिन्यांच्या पेटीत बर्फाचा एक खोटा खडा ठेवू लागली, अशी आख्यायिका.

आता इतिहासाच्या वहीत पाहिले तर टाग्लिओनी सेंट पीटर्सबर्गला नाचायला गेली ती १८३७ मध्ये. म्हणजे गोष्टीतले साल जुळत नाही. पण ही पेटी नीट पाहणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही. पेटीतला बर्फ काचेचा, हार स्वस्तातला. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी पाच-दहा सेंटांत वस्तू मिळणारी दुकाने होती, कॉर्नेलचा बराचसा माल तिथून यायचा. मग गोष्टच तेवढी अस्सल कशी असेल? सगळे खोटे आहे आणि सगळे मिळून एक खरी गोष्ट सांगते आहे. क्षण धरून ठेवता येत नाही, बर्फासारखा वितळतो, म्हणून माणूस त्याच्या जागी काच ठेवतो. आपण सगळे हेच करतो. कुणी प्रवासाचे तिकीट जपून ठेवतो, कुणी वाळलेले फूल.

या कलाप्रकाराला 'असेंब्लाज' म्हणतात. मराठीत 'जुळणी' म्हणता येईल. निरनिराळ्या ठिकाणच्या तयार वस्तू आणायच्या आणि त्या एकमेकींशेजारी अशा मांडायच्या की त्यांतून तिसरेच काही उभे राहावे. आपल्याला हे नवे नाही. गोधडी शिवणारी बाई तेच करते. धाकट्याचा सदरा, थोरलीचा परकर, फाटके धोतर, लुगड्याचा काठ. गोधडी अंगावर घेतली की त्या कापडांची पहिली ओळख पुसली जात नाही, बोट ठेवून सांगता येते की हा तुकडा अमक्याचा. युरोपच्या कलेत मात्र हा विचार यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड एका चित्रावर चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड लावला. १९१३ मध्ये मार्सेल द्यूशाँने स्टुलावर सायकलचे चाक बसवले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या हॅनोवरमध्ये कुर्त श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाच्या चिपा जमवून चित्रे जुळवू लागला. देशच मोडून पडला होता, तेव्हा मोडक्या तुकड्यांतूनच नवे काही उभे करायला हवे, असे त्याचे म्हणणे होते. 'असेंब्लाज' हा शब्द कलेत रुजवला तो फ्रेंच चित्रकार झाँ द्युबुफे याने १९५३ मध्ये आणि १९६१ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. कॉर्नेल त्या प्रदर्शनात होता. पण शब्द रुजण्याच्या वीस वर्षे आधीपासून तो हे काम करत होता.

जोसेफ कॉर्नेलचा जन्म २४ डिसेंबर १९०३ चा, न्यूयॉर्कजवळच्या नायक या गावचा. १९१७ मध्ये वडील गेले. घरात आई, दोन बहिणी आणि धाकटा भाऊ रॉबर्ट. रॉबर्टला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती, त्याला चालता येत नव्हते, बोलणेही परक्या माणसाला कळायचे नाही. जोसेफ शाळेचे शिक्षण पदरात पडण्याआधीच बाहेर पडला आणि १९२१ मध्ये एका कापड कंपनीत विक्रेता म्हणून लागला. लोकरी कापडाचे नमुने घेऊन मॅनहॅटनमधल्या दुकानांचे उंबरठे झिजवायचे, हे काम. स्वभाव कमालीचा बुजरा, त्यात दारोदार बोलण्याचा धंदा. दहा वर्षे त्याने तो केला. दोन गिऱ्हाइकांच्या मधला वेळ मात्र त्याचा स्वतःचा होता. त्या वेळात तो फोर्थ ॲव्हेन्यूवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरायचा. जुने छापील चित्र, नकाशा, नटीचा फोटो, नाटकाचे पत्रक, जे मनात भरेल ते घरी आणायचा.

१९२९ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंगला राहायला आले. रस्त्याचे नाव यूटोपिया पार्कवे. यूटोपिया म्हणजे कुठेच नसलेले आदर्श ठिकाण. त्या नावाच्या रस्त्यावरच्या साध्या लाकडी घरात कॉर्नेल मरेपर्यंत राहिला. त्याने लग्न केले नाही. आईबरोबर राहिला, भावाचे सगळे केले. पॅरिसचे हॉटेल, इटलीचा राजवाडा, चंद्राचा नकाशा हे सगळे त्याच्या पेट्यांत सापडते, पण तो अमेरिकेच्या बाहेर कधीही गेला नाही. भाऊ खुर्चीत खिळलेला आणि हा भावापाशी खिळलेला. दोघांनाही पुरेल असे जग पेटीत बसवणे, एवढाच मार्ग उरला होता.

१९३१ मध्ये जूलियन लेव्हीच्या गॅलरीत मॅक्स अर्न्स्टची चित्रे त्याच्या पाहण्यात आली. जुन्या पुस्तकांतली कोरीव चित्रे कापून अर्न्स्टने ती नव्याने जोडली होती. कॉर्नेलकडे अशा चित्रांचा ढीग घरी पडलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आई आणि रॉबर्ट झोपल्यावर, त्याने कात्री आणि डिंक घेतला. ती चित्रे त्याने भीतभीत लेव्हीला दाखवली आणि जानेवारी १९३२ मध्ये त्याच गॅलरीतल्या प्रदर्शनात ती लागली. साल्वादोर दालीचे वितळणाऱ्या घड्याळांचे प्रसिद्ध चित्रही त्याच प्रदर्शनात होते. बेकार झालेला एक कापडविक्या एका रात्रीत दालीच्या पंगतीला जाऊन बसला! पुढे सुतारकाम तो शेजाऱ्याकडून शिकला. १९३६ मध्ये 'सोप बबल सेट' या नावाची त्याची पेटी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली. चंद्राचा नकाशा, साबणाचे फुगे उडवायची मातीची चिलीम, एका छोट्या प्याल्यात ठेवलेले अंडे. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियम या संग्रहालयाने ती १९३८ मध्ये विकत घेतली.

इथून माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कॉर्नेलच्या पेट्या हलणाऱ्या होत्या. १९३२ मध्ये लेव्हीच्या गॅलरीत त्याच्या वस्तूंचे पहिले छोटे प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांत औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांएवढ्या चिमुकल्या डब्या होत्या. आत मणी, टाचण्या, सुट्ट्या वस्तू. डबी हातात धरून तिरकी केली की आतले जग बदलायचे. गॅलरीच्या पत्रकातच त्यांतल्या काहींना 'खेळणी' म्हटले होते. नंतर त्याने वाळूचे तबक केले. काचेखाली रंगीत वाळू, स्प्रिंगा, धातूच्या गोळ्या. हलवले की वाळू सरकून नवे चित्र तयार. काही पेट्यांना खण होते, ते ओढून पाहायचे. सुटे ठोकळे होते, ते काढून पुन्हा रचायचे.

१९४५-४६ ची एक पेटी आहे, लॉरेन बकॉल या नटीवर. बकॉलचा पहिला चित्रपट 'टू हॅव अँड हॅव नॉट' १९४४ चा. तो पाहून कॉर्नेल भारावला आणि तिचे छायाचित्र मधोमध ठेवून त्याने निळ्या काचेची पेटी केली. भोवती तिची लहानपणची छायाचित्रे, न्यूयॉर्कच्या उंच इमारती. वरच्या भोकातून लाकडी गोळी सोडायची. ती काचेच्या उतारांवरून घरंगळत, त्या खिडक्यांमागून, नटीच्या चेहऱ्यामागून खाली यायची आणि आरशाच्या कप्प्यात थांबायची. अमेरिकेत त्या काळी जत्रेत, करमणुकीच्या गाळ्यांत एक सेंटचे नाणे टाकून चालणारी यंत्रे असत. ही पेटी त्यांच्यावर बेतलेली. आपल्याकडच्या वाचकाने रेल्वे स्टेशनावरचे वजनाचे यंत्र आठवावे. नाणे टाकायचे, लाल-हिरवे दिवे फिरायचे, खडखड व्हायची आणि पुठ्ठ्याचे तिकीट पडायचे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा एखाद्या नटीचा चेहरा. वजन कुणाला हवे असायचे? त्या खडखडाटासाठी आणि त्या चेहऱ्यासाठीच नाणे पडायचे. कॉर्नेलला नेमके हेच कळले होते. यंत्राने दिलेल्या चिठ्ठीपेक्षा ती मिळेपर्यंतचा क्षण मोठा असतो.

आता ही गोळी कोण सोडतो? या पेट्या आज जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत आहेत. कागद जुना, डिंक वाळलेला, काच पातळ. प्रत्येक पाहुण्याने एकदा गोळी सोडली तर वर्षाच्या आत पेटीचा खुळखुळा होईल. म्हणून पेटीच्या काचेवर संग्रहालयाची आणखी एक काच येते. वाळू एका बाजूला सरकून तशीच राहते. खण बंद. घंटा मुकी. पेटी वाचली, पण ती थांबली. वाचवण्याची किंमत अशी मोजावी लागली.

यात संग्रहालयाला दोष देण्यात अर्थ नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी जेव्हा अडकित्ते पाहतो, तेव्हाही हेच मनात येते. दिनकर केळकर हे कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. मोराच्या आकाराचा, घोड्याच्या आकाराचा अडकित्ता काचेमागे आहे आणि सुपारी फोडणारा हात केव्हाच गेला आहे. पण केळकरांनी तो उचलून आणला नसता तर भंगारात वितळला असता. थांबलेली वस्तू आणि नाहीशी झालेली वस्तू, यांत थांबलेलीच बरी. मात्र ती थांबलेली आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये. अडकित्ता ही शोभेची मूर्ती नव्हे आणि कॉर्नेलची पेटी म्हणजे चौकटीतले चित्र नव्हे.

कॉर्नेलच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण वस्तू जुनी दिसावी म्हणून तो स्वतःच खटपट करायचा. नवी पेटी त्याला आवडत नसे. रंगावर रंग चढवायचा, पेटी घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा, अंगणात ऊन-पावसात ठेवून द्यायचा. रंगाला तडे गेले, पापुद्रे सुटले की मग त्याला ती पसंत पडायची. आज संग्रहालयातल्या तज्ज्ञांपुढे कोडे असते, की हा तडा कॉर्नेलने पाडलेला की काळाने? पहिला जपायचा, दुसरा थोपवायचा. एकाच पेटीवर दोघांचे हात फिरलेले आहेत.

त्याच्या घराच्या तळघरात साठवणीच्या खोक्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकावर चिठ्ठी. घड्याळाचे भाग. फक्त लाकडी गोळ्या. चांदीचा कागद. घुबडे. त्याच्या मृत्यूनंतर हा पसारा फेकला गेला नाही. बहिणीने पुढाकार घेतला आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला संग्रहालयात कॉर्नेलच्या साहित्याचे अभ्यासकेंद्र उभे राहिले. वापरलेली वस्तू कलाकृती ठरली, हे तर झालेच. न वापरलेली वस्तूही, कॉर्नेलने हात लावला म्हणून, जपली गेली.

कुणी म्हणेल, हा नुसता जुन्या आठवणींत रमणारा माणूस. याहून गंभीर आक्षेपही घेतला गेला आहे, की नर्तिका, नट्या, राजकन्या यांना याने डब्यांत बंद केले. बाई जिवंत असताना तिची मूर्ती करून काचेआड ठेवायची, यात प्रेम किती आणि कैद किती? हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. ब्राँझिनोने रंगवलेल्या बिया मेदिची या मुलीचा चेहरा कॉर्नेलने १९४८ च्या सुमारास एका पेटीत ठेवला. ती मुलगी १५४२ मध्ये पाच-सहा वर्षांची असताना वारली होती. निळ्या काचेमागून ती आपल्याकडे पाहते तेव्हा अंगावर काटा येतो. मरणाने एकदा थांबवले, चित्राने दुसऱ्यांदा, पेटीने तिसऱ्यांदा, संग्राहकाने चौथ्यांदा.

पण १९५३ च्या सुमाराची एक पेटी या आक्षेपाला कॉर्नेलच्याच हातून उत्तर देते. 'टुवर्ड द ब्लू पेनिन्सुला' हे तिचे नाव. ती एमिली डिकिन्सनसाठी केलेली आहे. डिकिन्सन (१८३०-१८८६) ही अमेरिकेची मोठी कवयित्री. उत्तरायुष्यात ती अॅमहर्स्टमधल्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही आणि तिच्या हयातीत तिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या. कॉर्नेलने तिला काय दिले? तिचा चेहरा या पेटीत नाही. पांढऱ्या रंगाचा रिकामा पिंजरा आहे. पक्षी बसायची दांडी आहे, पण पक्षी नाही. पिंजऱ्याची जाळी एका जागी कापलेली आहे आणि तिच्या मागे छोटीशी खिडकी. खिडकीत नुसते निळे आकाश. पेटी जवळजवळ मोकळीच. घरात राहिलेल्या माणसाने घरात राहिलेल्या बाईसाठी एवढीच एक गोष्ट केली. जाळी कापून ठेवली. चेहरा न ठेवता माणूस उभा करण्याची ही करामत मला कवी म्हणून फार मोलाची वाटते.

मी गझला ऐकत वाढलो, म्हणून मला या पेट्या ओळखीच्या वाटल्या असतील. शेरात दोन ओळी असतात, दोन मिसरे. पहिला मिसरा काहीतरी सांगतो, दुसरा कधी कधी वेगळेच काही सांगतो. दोघांमध्ये 'म्हणून' नसते, 'कारण' नसते. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा म्हणून थांबतो आणि तेवढ्या थांबण्यात ऐकणारा पुढे झेपावतो. दुसरा मिसरा आला की दाद निघते. शेर कागदावर दोन ओळींचा असतो, पुरा होतो तो ऐकणाऱ्यात. कॉर्नेलच्या पेटीत चिलिमीशेजारी चंद्राचा नकाशा असतो. चिलिमीतून फुगा निघतो, फुगा गोल, चंद्र गोल, फुगा फुटतो. यातले एकही वाक्य पेटीत लिहिलेले नाही. दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा ते आपल्याकडून वदवून घेते. म्हणूनच मला वाटते, हात लावायची बंदी झाली तरी सगळे संपत नाही. गोळी सोडायचे काम डोळ्यांना करावे लागते.

ते कसे करावे? मला जे जमले ते सांगतो. अशा पेटीसमोर दहा सेकंद थांबून पुढे जाऊ नये. आधी समोरून पाहावे, मग वाकून, मग दोन्ही बाजूंनी. बाजूंना बहुधा आरसे किंवा कागद असतात आणि ते समोरून दिसत नाहीत. मग मनातल्या मनात पेटी तिरकी करावी. ही गोळी कुठे जाईल? ही कडी कशात अडकेल? हा खण ओढला तर काय दिसेल? मागची बाजू दिसत असेल तर सोडू नये. कॉर्नेल पेटीच्या पाठीला जुन्या पुस्तकांची पाने चिकटवायचा, पुष्कळदा परभाषेतली. भिंतीकडे तोंड करून असलेली ती पाने सहसा कुणी वाचणार नव्हते, तरी त्याने ती लावली. आमच्या घरात लहानपणी शिकवले जायचे, की लिहिलेला कागद पायदळी येऊ देऊ नये. रस्त्यात अक्षरांचा कपटा दिसला तर उचलून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचा. त्यावर काय लिहिले आहे हे वाचता येण्याची अट नव्हती. अक्षर आहे, एवढे पुरे होते. कॉर्नेलची श्रद्धा वेगळी, तो ख्रिश्चन सायन्स पंथाचा. पण कागदाच्या कपट्याला टाकाऊ न मानणारा हात मला तिथे ओळखता आला. शेवटी एक गोष्ट आपोआप दिसते. पेटीच्या काचेत आपला चेहरा उमटलेला असतो. नटी, पोपट, चंद्र यांच्या शेजारी आपणही त्या पेटीतली एक वस्तू होऊन बसतो.

रॉबर्ट १९६५ मध्ये गेला. त्याला खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड होते आणि तो उंदीर, ससे यांची चित्रे काढायचा. जानेवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत जोसेफने त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवले. त्यात रॉबर्टची चित्रे होती आणि त्या चित्रांतले प्राणी घेऊन जोसेफने केलेली नवी चिकटचित्रे होती. चालता न येणारा भाऊ पहिल्यांदाच गॅलरीच्या भिंतीवर, स्वतःच्या नावाने, लोकांसमोर आला. त्याच वर्षी आईही गेली. यूटोपिया पार्कवेवरच्या घरात जोसेफ एकटा उरला. मोठमोठी संग्रहालये आता त्याच्यामागे होती. १९६७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन झाले. पण पेट्या विकायला तो नाखूशच असायचा.

फेब्रुवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या शिक्षणसंस्थेत त्याच्या कामाचे प्रदर्शन लागले. हे प्रदर्शन लहान मुलांसाठी होते. पेट्या नेहमीपेक्षा खूप खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या. मोठ्या माणसांना वाकावे लागत होते. उद्घाटनाला केक आणि शीतपेये होती. अडुसष्ट वर्षांचा कॉर्नेल स्वतः तिथे आला, मुलांशी बोलला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला तो वारला. एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते.

हयातीतल्या शेवटच्या प्रदर्शनांपैकी एकात त्याने आपल्या पेट्या कुणासमोर ठेवल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाटी वाचता न येणाऱ्या मुलाला एखादी गोष्ट दिसली की पहिला हात पुढे जातो, मग कुणीतरी तो मागे ओढते. कॉर्नेलच्या पेटीपुढे आपल्याही हाताला तशी एकदा ओढ वाटली, तर समजावे की पेटी अजून पुरती थांबलेली नाही.